जुन्या औषधशाळेच्या कृती: एप्रिल ते ऑगस्ट

१४ एप्रिल

काम फोंड्याकडच्या मांगरात (शेतावरच्या खोपटात). एक चूल, एक गॅसची शेगडी, काळ्या दगडाचा खल, वायन (उखळ), रगडा, तांब्याचे पसरट भांडे, अर्धा ग्रॅमपर्यंत बरोबर दाखवणारा काटा.

करायचे ठरले ते असे: भिरंडेल (कोकमाच्या बियांचे तेल), शतधौत घृत (शंभर वेळा पाण्याने धुतलेले तूप), मेणाचे मलम, शिर्का-मधाचा पाक, माक्याचे तेल आणि जुन्या गोव्याची प्रसिद्ध ‘पेद्रा कोर्दियाल’ ऊर्फ गोवा स्टोन ही हाताने वळलेली औषधी गोटी. पुढे तिला नुसते गोटी म्हटले आहे. मुरदाडशिंग, पारा, हिंगूळ, बचनाग अशी विषारी द्रव्ये असलेली एकही कृती घेतलेली नाही. जुन्या मलमांच्या याद्या त्यांनीच भरलेल्या असतात, त्यामुळे गाळणी इथेच लावली. गोटी फक्त मांडून ठेवण्यासाठी, पोटात घेण्यासाठी नाही.

आधी मापे, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पोर्तुगीज औषधशाळेचा एक ओन्सा २८.६९ ग्रॅमचा. त्याचे आठ ओयताव्हा, प्रत्येकी ३.५९ ग्रॅम. ओयताव्ह्याचे तीन एश्क्रोपुलु, आणि एश्क्रोपुलुचे २४ ग्रांव. इंग्रजी औषधी औंस मात्र ३१.१ ग्रॅमचा आणि त्यांच्या स्क्रुपलचे २० ग्रेन. पोर्तुगीज कृती इंग्रजी मापाने तोलली तर माल ८ टक्के जास्त पडतो. सगळेच त्याच मापाने तोलले तर प्रमाण टिकते. निम्मे ग्रॅममध्ये आणि निम्मे औंसात तोलले की गेले. शिवाय औषधशाळेची लिब्रा १२ ओन्सांची (३४४ ग्रॅम), तर बाजाराचा आरातेल १६ ओन्सांचा (४५९ ग्रॅम). मेण बाजाराच्या मापाने आणि तेल औषधशाळेच्या मापाने घेतले तर मलमाची मेणबत्ती होते.

आपल्याकडच्या कृतींसाठी तोळा १२ ग्रॅम, पल ४८, कुडव १९२, प्रस्थ ७६८ ग्रॅम असे धरले. पातळ द्रव्य कुडवापासून पुढे दुप्पट घ्यायचे. हे द्रवद्वैगुण्य विसरले की काढा अर्धाच होतो आणि दोष मात्र वनस्पतीला दिला जातो.

१९ एप्रिल

गोटीसाठी शिंपल्यांची पूड. कालवांच्या कवच्या घेतल्या: उकळल्या, ब्रशने घासल्या, तीन दिवस उन्हात टाकल्या. बाहेरचा मळकट थर तासून काढला. वायनात भरड कुटून खलात पाणी घालून घोटले. वरचे दुधी पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचे, खाली बसलेले पुन्हा घोटायचे. दुधी पाण्याचा साका रात्रभर बसू द्यायचा, सकाळी वरचे पाणी निथळून टाकायचे. बोटाच्या रेघांत पूड जाऊन बसली, म्हणजे ‘रेखापूर्ण’ झाली, की थांबायचे. एक किलो कवच्यांतून दिवसाला १४० ग्रॅमच्या वर पूड मिळत नाही, मनगट कितीही चालवले तरी.

पोवळे घेतले नाही. वन्यजीव कायद्याने बऱ्याच प्रवाळांना संरक्षण आहे, आणि बाजारातले ‘पोवळे’ म्हणजे नेमके काय, याची खात्री देणारे कोणी नाही. कस्तुरी आणि अंबरही त्याच कारणाने बाद. कस्तुरीऐवजी लताकस्तुरीच्या बिया, अंबराऐवजी ऊद.

२ मे

भिरंडेल. सोलांसाठी फोडलेल्या कोकमांच्या बिया आपल्याला मिळतात, पण गर चिकटलेल्या. गर धुतला नाही तर बी वाळताना आंबते आणि तेलाला आंबूस वास बसतो. म्हणून राखेच्या पाण्यात चोळून धुतल्या, सहा दिवस वाळवल्या. कानाशी हलवल्यावर आतला गर खुळखुळला की बी तयार.

१ किलो वाळक्या बिया, लाकडी दांड्याने फोडून सोललेला गर ५९० ग्रॅम. वायनात कुटून त्याचा लगदा केला, तीन लिटर पाण्यात दोन तास मंद उकळला. रात्रभर झाकून ठेवला. सकाळी वर फिकट खडबडीत पापुद्रा आला होता. तो उचलून पुन्हा वितळवला, फडक्यातून गाळला, निवता निवता मुठीत दाबून गोळे केले. मुठीत वळतात म्हणून कोकणात याला मुठेल म्हणतात. बोटांचे चार वळ गोळ्यावर तसेच राहतात. वजन १७० ग्रॅम. घाण्यावर यापेक्षा जास्त निघते. इथे चोथ्यातही बरेच अडकून राहिले.

पहिले दोन गोळे बाद. वरून कडक आणि आत पाण्याचे थेंब. असा गोळा पावसाळ्यात बुरशी धरतो. उरलेले पुन्हा वितळवून पाणी उडेपर्यंत मंद आचेवर ठेवले. कसोटी: लोखंडी पळी तापवून तिच्यावर एक थेंब टाकायचा, तडतडला तर पाणी आहे, गुपचूप पसरला तर नाही. हीच कसोटी पुढे प्रत्येक तेल-तुपाला लावली.

११ मे

शतधौत घृत. गाईचे तूप २५० ग्रॅम, दर धुण्याला २५० मिली थंड पाणी. तांब्याच्या भांड्यात तळहाताने एकाच दिशेला फेटायचे, पाणी काढायचे, नवे घालायचे. मोजणीसाठी एका वाटीत शंभर चिंचोके. एक धुणे झाले की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. मनातल्या मनात मोजणारा साठनंतर हमखास चुकतो.

सुरुवात पहाटे साडेचारला, कारण मेच्या दुपारी तूप पाण्यावर तेलासारखे तरंगते आणि फेटले जात नाही. माठातले पाणी वापरले. पंचविसाव्या धुण्यापर्यंत रवाळ पिवळा गोळा. चाळीसच्या आसपास रवा मोडला. सत्तरनंतर रंग पांढरा, वास जवळजवळ गेलेला, आणि बोटाला लोण्यापेक्षा गुळगुळीत. वेळ चार तास दहा मिनिटे. शेवटी वजन २९२ ग्रॅम. म्हणजे ४२ ग्रॅम पाणी आत धरले गेले, तेही भांडे कलंडून आणि तळहाताने दाबून निथळल्यानंतर.

हे पाणीच याचा गुण आणि हेच याचे मरण. थंडावा त्याच्यामुळे, आणि लवकर खवट होते तेही त्याच्यामुळे. साठवायला तांबे चालत नाही. तुपातली आम्ले तांब्याला धरतात आणि कडेला हिरवी रेघ येते. तांबे फक्त धुण्यापुरते, नंतर लगेच काचेची बरणी. एकदम मोठा घाणा करू नये, लागेल तितकेच.

१८ मे

मेणाचे मलम. आपल्याकडचे सिक्थतैल म्हणजे एक भाग मेण आणि सहा भाग तिळाचे तेल. एकत्र वितळवले, गाळले, झाले. यात बिघडण्यासारखे काही नाही.

प्राचीन ग्रीक वैद्य गालेन याच्या नावाने चालणारे मलम मात्र नाठाळ. मेण १, तेल ४ आणि त्यात जितके मुरेल तितके गुलाबपाणी. आज मेण २५ ग्रॅम, तिळाचे तेल १०० ग्रॅम, गुलाबपाणी ४० मिली. मेण ६३-६४ अंशांना वितळते. ७० अंशांवर तेल-मेण एकजीव केले आणि खोलीच्या तापमानाचे गुलाबपाणी धारेने ओतले. पाणी लागताच मेणाचे कण आखडले. साबुदाण्यासारखे दाणे, भोवती मोकळे पाणी.

कारण सरळ आहे. पाणी आणि तेल यांना धरून ठेवणारा तिसरा कोणी या कृतीत नाही. पुढच्या काळात टाकणखार घालू लागले, तो मेणातल्या आम्लांशी मिळून साबण करतो आणि साबण पाण्याला धरतो. जुन्या कृतीत टाकणखार नाही, त्यामुळे पाणी नुसते घट्ट होणाऱ्या मेणात कोंडायचे असते.

२० मे

तेच माप पुन्हा. या वेळी तेल-मेण घोटत घोटत निवू दिले. कडेला पांढरट साय धरू लागली तेव्हा तापमापीचा काटा ४८ अंशांवर. गुलाबपाणीही ४५ अंशांना कोमट केलेले. चमचा-चमचा घालायचे, आधीचा चमचा पूर्ण मुरल्याशिवाय पुढचा नाही. ४० पैकी ३४ मिली मुरले. त्यापुढचे वर घामासारखे आले, ते टिपून काढले. मलम पांढरे, बोटावर थंड.

भिरंडेल घालून एक वाटी: मेण २०, तीळ तेल ७५, भिरंडेल ३०. दुसऱ्या दिवशी हाताला वाळूसारखे लागले. भिरंडेल सावकाश निवले की त्याचे मोठे स्फटिक होतात. ७५ अंशांपर्यंत नेऊन सगळे स्फटिक मोडले, मग भांडे थंड पाण्यात ठेवून सतत घोटले. आता गुळगुळीत. टाचांच्या भेगांना लावायला गोव्यातले जुने लोक नुसता मुठेलाचा तुकडा दिव्यावर धरून वितळवतात. खरे तर त्या कामाला मलमाचा इतका खटाटोप लागतच नाही.

२७ मे

गोटी. आधी तिची थोडी पार्श्वभूमी, कारण घटक त्यातूनच ठरतात. बेझोआर म्हणजे रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पोटात सापडणारा खडा, आपला जहरमोहरा. विषावर उतारा म्हणून त्याला भलती किंमत होती. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांच्या १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात त्यावर एक संवाद आहे. पुरवठा तोकडा आणि मागणी मोठी, म्हणून सतराव्या शतकात जुन्या गोव्यातल्या जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघातल्या लोकांनी हाताने गोट्या वळायला सुरुवात केली. बंधू गास्पार आंतोनियो यांचे नाव त्यांच्याशी जोडलेले आहे. शिंपल्यांची पूड, माती, राळ, कस्तुरी, अंबर, मोती, रत्नांचा चुरा, आणि वरून सोन्याचा वरख. युरोपात श्रीमंत लोक ती जाळीदार सोन्याच्या डबीत ठेवत आणि खरवडून पेयात घालून घेत.

आमचे माप: शिंपल्यांची पूड २०० ग्रॅम, पांढरी चिनी माती १००, उदाची पूड १०, लताकस्तुरी ५, बांधायला कतीऱ्याचा चीक. कतीरा घेताना जपावे. बाजारात एकाच नावाने निरनिराळ्या झाडांचे डिंक विकतात आणि त्यांची बांधणी वेगवेगळी असते. दोन दुकानांचे दोन नमुने २ ग्रॅमला १०० मिली पाणी घालून २४ तास भिजवले. एकाचा काचेसारखा एकसंध चीक झाला, दुसऱ्याचे जेलीसारखे सुटे गोळे. पहिला घेतला.

पहिला घाणा फुकट. शिंपल्यांची पूड कमी पडली म्हणून कोणीतरी कपाटातल्या डब्यातली ‘शिंपल्याची पूड’ मिसळली. तो भाजलेल्या शिंपल्यांचा चुना निघाला. चीक घालताच परात हाताला चटका देऊ लागली, गोळा पिवळा पडला आणि तारा सुटल्या. एक गोटी तरी वाळवून पाहिली. वर टणक टरफल, आत भुगा. कच्ची पूड आणि भाजलेली पूड दिसायला सारख्या, पण वस्तू दोन. डब्यांवर आता ‘कच्ची’ आणि ‘चुना’ अशी मोठी अक्षरे.

३० मे

दुसरा घाणा. दर गोटी ओली ५० ग्रॅम, व्यास ३७ मिमी. आठ गोट्या. चार उन्हात, चार केळीच्या पानात गुंडाळून सावलीत.

६ जून

पाऊस लागला. हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर.

उन्हातल्या चारही दुसऱ्या दिवशीच फुटल्या होत्या, मधोमध, लिंबाची फोड करावी तशा. कातडे आधी वाळते आणि आकसते, आतला गाभा ओला आणि फुगलेला. कातडे ताणले जाते आणि तडकते. पानातल्या चार फुटल्या नाहीत, पण हिरव्या बुरशीने माखल्या. डिंक, ओल आणि गरम हवा एकत्र आल्यावर दुसरे काय होणार?

फुटलेल्यांपैकी एक तोडून भिंगाखाली पाहिली. भेग जिथून सुरू झाली तिथे घडीची पुसट रेघ होती. पीठ दुमडून गोल केले की आत सांधा राहतो. आणखी एक दोष एप्रिलपासूनचा: पूड अतिबारीक. बारीक पूड जास्त चीक पिते आणि जास्त चीक म्हणजे जास्त आकसणे. तीन दिवस मनगट मोडून घोटले ते या कामाला उलटेच पडले.

१३ जून

तिसरा घाणा. बदल: शिंपल्यांच्या पुडीपैकी चौथा भाग भरड (चहाच्या गाळणीतून जाईल इतकी). चीक ९० मिलीवरून ६५. पीठ इतके घट्ट की हाताने मळता येत नाही, म्हणून वायनात तीनशे ठोके कुटले. मग ओल्या फडक्यात बारा तास मुरवले. तुकडा तोडून न दुमडता तळहातांत फिरवायचा. कोरडे हात लावले की वर सुरकुती येते, तेव्हा हाताला किंचित चीक.

वाळवण तुसात. भाताचे तूस आधी चुलीवर परतून कोरडे केले, मातीच्या बुडकुल्यात थर दिला, गोट्या एकमेकींना न लागतील अशा पुरल्या. तूस ओल सावकाश शोषते आणि चारी बाजूंनी सारखी. दर दोन दिवसांनी तूस बदलायचे. वजन रोज सकाळी.

गोटी क्र. ३: ५०.० ग्रॅम, तिसऱ्या दिवशी ४६.५, सहाव्या दिवशी ४४.५, नवव्या दिवशी ४३.५. तिथे अडकली. पावसाळ्याच्या हवेत तूस यापेक्षा कोरडे होतच नाही. पुढचे वाळवण बंद डब्यात: तळाला कळीच्या चुन्याचे खडे, वर भोके पाडलेली पत्र्याची ताटली, तिच्यावर गोट्या. चुना गोटीला लागता कामा नये. चार दिवसांत ४२.० आणि पुढचे दोन दिवस तेच वजन. व्यास ३५.५ मिमी. आठपैकी सात साबूत. आठवीला देठाजवळच्या भेगेसारखी केसाएवढी रेघ.

२५ जून

शिर्का-मध. युरोपीय औषधशाळेत याचे नाव ऑक्सिमेल. मध ४०० ग्रॅम, माडाच्या सुरेचा शिर्का २०० मिली. तांबे, पितळ, ॲल्युमिनियम नको, शिर्का धातू खातो. मातीचे बुडकुले घेतले. मंद आचेवर, फेस काढत, ४७० ग्रॅम उरेपर्यंत. ‘घट्ट होईपर्यंत’ असे लिहिलेले असते, पण गरम पाक नेहमी पातळ दिसतो आणि निवल्यावर खडा होतो. वजनावर थांबणे बरे.

आयुर्वेदात मध तापवू नये असे स्पष्ट सांगितले आहे, इथे तर तो उकळायचा. दोन शास्त्रांची इथे गाठ बसत नाही. आम्ही कृती युरोपीय पद्धतीने केली आणि चिठ्ठीवर तसे लिहिले.

८ ते १० जुलै

माक्याचे तेल. बांधावर माका मातला आहे. फुलासकट, मुळासकट साडेचार किलो, धुऊन, रगड्यावर वाटून, थोडे पाणी शिंपडून पिळला. रस २ लिटर. तिळाचे तेल ५०० ग्रॅम. कल्क (वाटलेल्या वनस्पतीचा गोळा) ६२ ग्रॅम.

कल्काचे हे माप का? नेहमीचे सूत्र कल्क १, तेल ४, द्रव १६. ते द्रव म्हणून पाणी असेल तेव्हाचे. काढा असेल तर कल्क तेलाच्या सहावा भाग आणि स्वरस (ताजा पिळलेला रस) असेल तर आठवा. रसातच वनस्पती भरपूर असते. इथे चौथा भाग कल्क घातला तर तळाला लगदा बसतो आणि करपतो.

रसावरचे तेल तीन दिवसांत पुरे करायचे. घाईने एका दिवसात आटवू नये. जाड बुडाची पसरट कढई. ओल्या सरपणाचा जाळ भडकतो आणि विझतो, म्हणून चुलीत नारळाच्या करट्या. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी झाऱ्या दहा मिनिटे थांबला आणि हिरवा साका तळाला चिकटला. वास आला तशी कढई उतरवली, न खरवडता वरचे तेल दुसऱ्या कढईत घेतले. खरवडले असते तर जळका वास सगळ्या तेलात गेला असता.

तिसरा दिवस काट्यावर पाहण्यासारखा. पाणी आहे तोवर तापमान १०१-१०२ ला खिळून राहते, चूल कितीही वाढवा. पाणी संपत आले की काटा सरकतो: १०४, १०७, ११०. तेल तयार होताना फेस उसळतो. तुपाचे उलटे, त्यात फेस शमतो. हे माहीत नसेल तर तेलाला फेस आला म्हणून माणूस आच वाढवत बसतो आणि खरपाक, म्हणजे नको तितका कडक पाक, होतो. १०७ वर कल्क चिमटीत घेतला तर चिकटत होता आणि वात वळत होती, पण ज्योतीत धरल्यावर बारीक तडतड. ११२ वर वात न मोडता वळली आणि आवाज न करता जळली. मध्यम पाक. लगेच उतरवले, कारण कढईची धग पुढे पाच-सात मिनिटे काम करतच राहते. गरम असतानाच गाळले. ४३५ ग्रॅम.

२१ जुलै

गोट्यांना सोने. आधी अकीकाच्या घोट्याने घासून तकाकी आणली. अंड्याचा पांढरा निम्म्या पाण्यात फेटून गाळला, ब्रशने पातळ थर. उन्हाळ्यात तो दोन मिनिटांत चिकटसर होतो, आज अकरा मिनिटे लागली. ओल्यावर वरख टाकला तर तो बुडतो आणि डाग पडतात. बोटाची मागची बाजू लावून किंचित ओढ जाणवली की टाकायचा. चांदीच्या वरखावर एक नमुना केला. बाजारात ॲल्युमिनियमचाही वरख मिळतो. बोटांत चोळल्यावर चांदी दिसेनाशी होते, ॲल्युमिनियमची गोळी होते.

तीन गोट्या सोन्याच्या, एक चांदीची, तीन तशाच.

३ ऑगस्ट

तपासणी. माक्याचे तेल स्वच्छ, तळाला थर नाही. भिरंडेल उत्तम. मेणाच्या मलमावर पुन्हा चार-पाच थेंब घाम. शतधौत घृत खवट, टाकले. पाक जसाच्या तसा.

गोटी क्र. ३ चे वजन वरख धरून ४२.६ झाले होते. गोट्या चुन्याच्या डब्यात परत ठेवल्या. डब्यातल्या कळीच्या चुन्याचे खडे फुटून पीठ झाले आहे, म्हणजे तो आता ओल ओढत नाही. नवे खडे ३०० ग्रॅम घातले, झाकणाच्या कडेला मेण लावले.